ऐंशी दिवसांनी मोठं

परवा मी चाळीस वर्षांचा झालो. केक आला, पोरीने मेणबत्ती पेटवली, मी फुंकर मारली, आणि टाळ्या थांबायच्या आत बायको म्हणाली, "पाच गेले."

आईला वाटलं, नोट पडली. ती सोफ्याखाली वाकून बघायला लागली.

मग सगळ्यांना समजावून सांगावं लागलं, की कॅनडाचं सरकार माणसाला गुण देतं. एक्स्प्रेस एंट्री म्हणतात त्याला, २०१५ पासून चालू आहे. नाव ऐकून विरारच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं तसं त्यात काही नाही. दारात लटकावं लागत नाही. शिक्षण, भाषा, अनुभव, वय असे सगळे मिळून १२०० गुण. लग्न झालेल्या माणसाला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत वयाचे १०० मिळतात. तिसाव्या वाढदिवसाला पाच कापतात, मग दरवर्षी पाच. चाळिसाव्याला ४५ उरतात. तिथून पुढे सरकारचा धीर सुटतो आणि दहा-दहा जायला लागतात. पंचेचाळिसाव्याला पाटी कोरी. वयोमानाप्रमाणे माणसातलं काय काय कमी होत जातं, हे इतकं स्वच्छ मांडलेलं मी आजवर कुठल्याही ग्रंथात पाहिलं नव्हतं.

"आत्ता पंचेचाळीस आहेत ना?" बाबा म्हणाले. "मग पास आहेस की."

"पुढच्या वर्षी पस्तीस होतील."

"काठावर पास," असं म्हणून बाबांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

तर आमच्यापुढे सध्या दोन रस्ते आहेत. एक ब्रॅम्प्टनला जातो. तिथे मेहुणा राहतो आणि तो दर रविवारी "या, या" करतो. दुसरा हिंजवडीला जातो. तिथे आमच्या कंपनीचं मोठं ऑफिस आहे आणि साहेब दर सोमवारी "जा, जा" करतात. तिसराही आहे, म्हणजे आहोत तिथेच राहून रोज अंधेरी गाठायची. पण तो रस्ता नाही, ती विरार लोकल आहे.

आम्ही राहतो फुलपाड्याला. फुलपाडा कुठे, असं कोणी विचारलं की आम्ही वर बोट करतो. जीवदानीचा डोंगर दिसतो ना? त्याच्या पायथ्याशी. विरार पूर्वेला उतरायचं, शेअर रिक्षात तीन माणसं मागे आणि चौथं ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलं की रिक्षा सुटते. घराच्या एका अंगाला देवी, दुसऱ्या अंगाला पापडखिंडीचं छोटंसं धरण. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण दुसऱ्या गावांना लागू पडत असेल, आमच्याकडे तो पत्ता आहे. बाबांना धरणांची नावं रामरक्षेसारखी पाठ आहेत: सूर्या, उसगाव, पेल्हार, पापडखिंड. सूर्याच्या नव्या योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला रोजचे १८५ दशलक्ष लिटर कसे येतात, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात. चहा मात्र टँकरच्या पाण्याचा असतो.

त्यामुळे जगातल्या कुठल्याही गावाचं नाव निघालं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे पाणी किती वाजता येतं?"

मेहुण्याला हा प्रश्न त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारला होता. तो म्हणाला, चोवीस तास. बाबांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. चोवीस तास येणारं पाणी हे त्यांना चोवीस तास उघड्या असणाऱ्या बँकेसारखं वाटतं. काहीतरी गफलत असणार. मग मेहुण्याने फोन खिडकीकडे वळवला. दारापुढे गुडघाभर बर्फ पडलेला. हा कोण उचलतो, असं आईने विचारलं. "मीच. सकाळी ऑफिसच्या आधी, फावड्याने."

"म्हणजे पाणी दारात येऊन पडतं," बाबा म्हणाले, "पण ते भरायला माणूस नाही." आणि एकदम खूश झाले.

हिंजवडीची चौकशी केली तर कळलं की तिथल्या आणि शेजारच्या वाकडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरच येतो. ऑफिसातला एकजण बंगळुरूला गेला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात तो तिथून टँकरचे फोटो पाठवायचा, तेही एरवी लोक धबधब्याचे पाठवतात त्या उत्साहाने. देशातल्या देशात कुठेही जा, हॉर्न तोच, पाइप तोच, आणि पाइप टाकीत सोडल्यावर "अर्धाच भरून आणला" म्हणणारे काकाही तेच.

पण पाण्यावरून निर्णय होत असते तर निम्मं विरार केव्हाच रिकामं झालं असतं. खरी अडचण सांगण्याची आहे.

कॅनडाला जातोय, हे सांगायला काही लागत नाही. मी सोसायटीच्या जिन्यात एकदा नुसतं पुटपुटलो होतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातल्या काकू लाडू घेऊन आल्या. सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला, आणि गेली दोन वर्षं ज्या पार्किंगवरून आम्ही बोलत नव्हतो ते पार्किंग त्यांनी मनातल्या मनात दुसऱ्या कोणाला देऊनही टाकलं. "का जाताय?" असं कोणीही विचारलं नाही. परदेशी जाणं हे स्वतःच एक कारण असतं, जसं ताप आला की ताप आला.

मग मी प्रयोग म्हणून पुण्याचं सांगून बघितलं.

काकू थांबल्या. पिशवी खाली ठेवली. "पुण्याला? काही झालं का?"

"नाही, नोकरी..."

"गेली?"

"नाही हो, तिकडे बदली."

"मग इथली जागा विकताय? कर्ज झालं होतं का?" संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये तीन वेगवेगळी कारणं फिरत होती आणि त्यातलं एक माझ्या तब्येतीचं होतं. ब्रॅम्प्टनला जाणारा माणूस वर जातो, हिंजवडीला जाणारा हलवला जातो. कॅनडाला जाणाऱ्याला स्टेशनपर्यंत सोडायला माणसं येतात, पुण्याला जाणाऱ्याला टेम्पोवाला म्हणतो, "शेठ, फ्रिज उभाच ठेवायचा ना?"

आणि पुढचं तर त्याहून अवघड. कॅनडातल्या माणसाला सगळं माफ असतं. आतेभावाचं लग्न, चुलत्यांचं तेरावं, पुतणीचं बारसं, कशालाच तो येत नाही आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही. उलट त्याने आंतरपाटाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला तर मंडपात फोन फिरतो आणि "बघा, तिथे रात्रीचे एक वाजलेत, तरी जागा राहिला" म्हणून बायका डोळे पुसतात. पुण्यातल्या माणसाने व्हिडिओ कॉल लावून बघावा! चार तासांवर राहतो आणि तोंड दाखवत नाही, हे पुढच्या पाच लग्नांत ऐकायचं. पुणं इतकं जवळ आहे की न येण्याला कुठलं कारण पुरत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी एक्स्प्रेस-वेवरून घोडबंदरपर्यंत येऊन बघा, इतकं लांबही आहे. मला विचाराल तर परदेशी जाण्याचा खरा फायदा डॉलर हा नाही. ही सुटी आहे.

बाबांना यातलं काहीच पटत नाही, कारण त्यांच्या मते ते दोन्ही करून बसलेत. मालवणहून ते बोटीने आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले. "घरात समुद्रमार्गे प्रवास केलेला मी एकटा," असं ते पासपोर्टवाल्या मेहुण्यासमोर मुद्दाम सांगतात. परळच्या चाळीत सोळा वर्षं काढली, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो आमच्या घरापुरता अजून मिटलेला नाही. १९८४ मध्ये त्यांनी फुलपाड्याला बैठ्या चाळीत खोली घेतली. चाळीतली माणसं दादरपर्यंत पोचवायला आली. एका आजींनी प्रवासासाठी दशम्या बांधून दिल्या. कोणीतरी म्हणालं, पोचल्यावर पत्र टाका. साठ किलोमीटरसुद्धा नाहीत हो! पण परळकरांच्या नकाशात बोरिवलीनंतर थोडा काळोख असायचा आणि मग एकदम गुजरात.

म्हणजे आज आम्ही कॅनडाविषयी जे बोलतो ते सगळं चाळीस वर्षांपूर्वी विरारविषयी बोलून झालेलं आहे. एवढ्या लांब? तिथे आपली माणसं आहेत का? थंडी फार असेल ना, डोंगर जवळ आहे म्हणतात. पोराच्या शाळेचं काय? आणि जाणाऱ्याच्या मागे हळूच, काय करणार, परवडत नाही ना बिचाऱ्याला.

हे मी मेहुण्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "भाऊजी, विरारची आणि कॅनडाची कसली बरोबरी?"

तेव्हा मी जरा पुस्तकं उघडली, आणि जे सापडलं त्याने मी आठवडाभर ताठ मानेने डब्यात चढलो. विरारहून मुंबईच्या बॅक बेला जाणारी पहिली रोजची गाडी सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. आणि तीन वसाहती एकत्र करून कॅनडा नावाचा देश जन्माला आला १ जुलै १८६७ रोजी. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. विरार लोकल कॅनडाहून ऐंशी दिवसांनी मोठी आहे. त्या देशाला नाव पडायच्या आधी आमचा माणूस साहेबाच्या शिव्या खायला वेळेवर पोचत होता. वयाचे गुण कापायचेच असतील तर आधी कोणाचे कापायचे?

हा मुद्दा अर्जात टाकायला कुठे जागा नाही.

अर्जाचंही सांगतो. माझे ४५ बघून बायकोने एका रात्री हिशोब उलटा मांडला. ती सदतीस वर्षांची आहे, म्हणजे तिला ६०. तर मुख्य अर्जदार ती, आणि मी सोबतचा जोडीदार. जोडीदाराचं शिक्षण, भाषा, तिकडचा अनुभव असं सगळं धरून त्याचे जास्तीत जास्त ४० गुण मिळू शकतात. कॅनडात मी कधी गेलो नाही, तेव्हा अनुभवाचे दहा तिथेच गळाले. नवरा म्हणून आपली कमाल किंमत तीस आहे हे सरकारी संकेतस्थळावर वाचताना कसं वाटतं, ते त्या प्रसंगातून गेलेल्यालाच कळेल. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तिने शेजारचा रकानाही वाचला. सदतीस वर्षांची बाई एकटी असेल तर वयाचे ६६.

"म्हणजे तू नसतास तर सहा जास्त," ती म्हणाली. रागाने नाही, हिशोबाच्या बाईला आकडा जुळल्यावर जो आनंद होतो त्या आनंदाने.

कुठल्या तरी प्रांताने तुमचं नाव सुचवलं तर मात्र एकदम ६०० मिळतात. याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे; तिकडे त्याला योजना म्हणतात. आणि फ्रेंच येत असेल तर कमी गुणांवरही बोलावणं येतं. त्यामुळे बायको सध्या सकाळच्या गाडीत लेडीज डब्यात कानात गोळे घालून फ्रेंच शिकते. तिच्या ग्रुपमधल्या बायकांना वाटलं, जप चाललाय. आता नालासोपारा ते भाईंदर सगळ्याच जणी एकमेकींना "बाँजूर" करतात, आणि वसईला चढणाऱ्या बाईला जागा द्यायची नसेल तर "पार्दाँ" म्हणतात. शब्द तिथे चपखल बसतो.

बायको पुढे, नवरा मागे, हे काही नवीन नाही असं मी घरात धीर देऊन सांगितलं. गोपाळराव जोशी पोस्टात होते. त्यांना अमेरिकेला जायचं होतं, त्यासाठी त्यांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं. आणि मिळाल्या त्या देशातल्या देशात बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता. पत्र तिकडच्या मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना वाचलं. डॉक्टरलोक जुनी मासिकं का ठेवतात, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. एप्रिल १८८३ मध्ये गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. गोपाळराव मागाहून गेले.

"पुढचं पण सांग की," आई म्हणाली. तिने सिनेमा पाहिला होता.

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. परत आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाई गेल्या. विशी नुकती ओलांडली होती. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग आईने बायकोला विचारलं, "तिकडे स्वेटर चांगले मिळतात ना गं?"

कागदपत्रांवर येऊन गाडी खरी अडली. तिकडच्या सरकारला तुम्ही मागची दहा वर्षं कुठे कुठे राहिलात ते हवं असतं, तारखांसकट, मध्ये एक महिनासुद्धा मोकळा सोडायचा नाही. मेहुणा म्हणाला, लोकांना याच रकान्याला आठवडा लागतो. मला अर्धं मिनिट लागलं. फुलपाडा. तिथून पुन्हा फुलपाडा. खाली जागा उरली तेव्हा मला उगाच लाज वाटली, जन्मभर एकाच वर्गात बसल्यासारखी. पण पुढचा रकाना जन्मस्थळाचा. माझा जन्म १९८५ चा, दाखल्यावर विरार, जिल्हा ठाणे. आधार कार्डावर विरार, जिल्हा पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधी ३ जुलै २००९ ला नगरपरिषद जाऊन महानगरपालिका आली. आम्ही खुर्ची हलवली नव्हती. आमच्या खालून जिल्हा काढून घेतला आणि दुसरा सरकवला.

"दोन्ही एकच आहे, असं एक पत्र जोडा," असं सल्लागार म्हणाला. ते पत्र मी चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते वाचून असं वाटे की हा माणूस काहीतरी लपवतोय.

हे सगळं चाललेलं असताना बाबा गप्प होते. पुणं की कॅनडा, यावर त्यांनी मत दिलं नाही. मी एकदा सरळ विचारलंही. ते म्हणाले, "आधी बुलेट ट्रेन होऊ दे. विरारला थांबणार आहे ती." आता बुलेट ट्रेन इकडे ठाण्याला जाते, तिकडे बोईसरला जाते, तिचा हिंजवडीशी संबंध नाही आणि ब्रॅम्प्टनशी तर नाहीच. पण निर्णय पुढे ढकलायला बाबांना मोठे सरकारी प्रकल्प लागतात. संप मिटू दे, असं म्हणून त्यांनी परळची खोली विकायला दोन वर्षं लावली होती.

मला खात्री होती की त्यांना आम्ही कुठेच जायला नको आहोत. आईबाबांना आमच्या अर्जात नेता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. बायकोने त्यांना सांगितलं होतं की आईवडिलांसाठी सुपर व्हिसा नावाचा प्रकार आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यावर ते नुसतं "सुपर?" एवढंच म्हणाले होते आणि खाली टँकरचा हॉर्न वाजला म्हणून उठून गेले होते.

मागच्या मंगळवारी दारावर पोलीस. मी दार उघडलं, छातीत धस्स. दोन्ही कागदांतला एक जिल्हा खोटा निघाला, असंच मला वाटलं. समोरच्या दारातून काकूंचं डोकं बाहेर आलेलं होतंच.

"पासपोर्टची चौकशी," पोलीस म्हणाला. "अर्जदार, वय पंच्याहत्तर."

बाबा आतून इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणजे त्यांना वेळ माहीत होती. आईच्या हातात ट्रे होता, तिलाही माहीत होतं. त्या ट्रेमध्ये चहाबरोबर तिचेही फोटो ठेवलेले दिसले.

"जन्मगाव?"

"मालवण."

"जिल्हा?"

"जन्मलो तेव्हा रत्नागिरी," बाबा म्हणाले. "१ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग."

"राहता पत्ता?"

"फुलपाडा. आलो तेव्हा ठाणे, आता पालघर."

पोलिसाने काही न विचारता लिहून घेतलं. तो स्वतः जव्हारचा होता.

रात्री मेहुण्याचा फोन आला. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मी वाट बघत होतो, आता पाण्याची वेळ विचारतील. पण त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या ब्रॅम्प्टनचा जिल्हा कुठला?"

"जिल्हा असं नाही, पण पील म्हणतात."

"तो बदलणार तर नाही ना?"

मेहुणा जरा थांबला. म्हणाला, खरं सांगायचं तर २०२३ मध्ये पील मोडायचा कायदा झाला होता. १ जानेवारी २०२५ पासून ब्रॅम्प्टन वेगळं होणार होतं. पण २०२३ च्याच डिसेंबरात सरकारने विचार बदलला.

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि आईकडे वळून म्हणाले, "अगं, आपल्यासारखंच आहे."